शंख रुसला त्या वर्षी

घाटकोपरच्या टेकडीवरची आमची चाळ सगळी कोकणातल्या माणसांची. गणपतीत आमच्या ह्यांनी शंख फुंकल्याशिवाय तिथे आरती सुरू होत नसे. हे छातीभर श्वास घ्यायचे, आवाज पार खालच्या रस्त्यापर्यंत जायचा, आणि मगच टाळ वाजायचे. त्या मानाचा ह्यांना भारी तोरा होता. गिरणी बंद पडली, कांजूरमार्गच्या कारखान्यात नव्याने हेल्परपासून सुरुवात करावी लागली, तरी तो तोरा उतरला नव्हता.

त्या वर्षी ह्यांनी शंख ओठांना लावला आणि आतून नुसता वारा आला. फुस्स! पोरं खिदळली. दुसऱ्यांदा फुंकायला गेले तर खोकल्याची जी उबळ आली ती थांबेचना. शेवटी शेजाऱ्यांनी शंखाविनाच आरती उरकली. हे कोपऱ्यात उभे राहून शंखाकडे रागाने बघत होते.

"शंख बिघडलो," खोलीत आल्यावर म्हणाले. "समुद्रापासून लांब रवलो की शंख रुसता. आमचो आजो सांगायचो."

आणि मी त्यावर विश्वास ठेवला. खरं सांगते, मला तो ठेवायचाच होता. दिवसाला दोन बंडल विड्या ओढणाऱ्या नवऱ्याची छाती बिघडली म्हणण्यापेक्षा शंख रुसला म्हणणं सोपं होतं. टेकडी चढताना हे तीनदा थांबायचे, तेही गप्पा मारायला थांबतात असंच मी धरून चालले होते. शंखाच्या तोंडाला विडीचा वास यायचा म्हणून दरवर्षी गणपतीनंतर तो चिंचेने घासून ठेवायचा, एवढंच माझं काम.

विसर्जनानंतरच्या रविवारी आम्ही खारदांड्याला गेलो. लग्नाच्या वर्षी तिथल्याच एका कोळीणबाईंकडून हा शंख घेतला होता. ह्यांनी आधी तो समुद्रात बुचकळून काढला, मग फुंकला. पुन्हा फुस्स. तेव्हा तक्रार घेऊन बाईंच्या दारात. त्या बोंबील वाळत घालत होत्या. सत्तरीच्या तरी असतील. त्यांनी ऐकून घेतलं, शंख लुगड्याला पुसला आणि उभ्या उभ्या फुंकला. बोंबलांवर टपलेले कावळे उडाले!

"शंख ठणठणीत हाय रं भावा," त्या म्हणाल्या. "तुझी छाती दाखव कोनाला तरी."

परत येताना बसस्टॉपवर ह्यांनी सवयीने विडी काढली. माझं डोकंच फिरलं. "पेटवा! पेटवा आणि मला विधवा करा एकदाची!" मी चारचौघांत ओरडले. रस्त्यात ह्यांच्यावर आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ. ह्यांनी विडी खिशात ठेवली. घाबरून नव्हे, माझे डोळे बघून.

टेकडीखालच्या डॉक्टरांनी छाती तपासली, मग काडी पेटवून ह्यांच्या तोंडापासून वीतभर लांब धरली. "ओठ न आवळता, तोंड उघडं ठेवून विझवा." ज्योत नुसती हलली. रोज ज्या काडीने विडी पेटवायची, तीच काडी ह्यांना विझवता येईना. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसात द्राक्षाच्या घडासारखे बारीक फुगे असतात. धुराने ते सैल पडतात, फाटतात. आत गेलेली हवा मग नीट बाहेर येत नाही, म्हणून दम लागतो. फाटलं ते मला शिवता येणार नाही. पण आज सोडलीत तर उरलेलं जपता येईल, खोकलाही कमी होईल."

"उरला किती?" ह्यांनी विचारलं.

"सोडलीत तर पुरेल इतकं."

सोडली. पहिला महिना घरात कुरुक्षेत्र होतं. कुकरची शिट्टी झाली तरी हे चिडायचे. मी खिशात बडीशेप भरून द्यायची, ती संध्याकाळी तशीच परत यायची आणि मग माझंही तोंड सुटायचं. दिवाळीत कारखान्यात एक ओढली, ती मात्र स्वतःच येऊन कबूल केली. खरं बोलणाऱ्या माणसाला काय बोलायचं?

मग एके दिवशी जेवताना म्हणाले, "बांगडो शिळो आसा गो." मासा खरंच शिळा होता. इतकी वर्षं मी काय वाढत होते ते ह्यांच्या नाकाला कळलंच नव्हतं! मला राग यायला हवा होता, पण मला हसू आवरेना. पावसाळ्यापर्यंत टेकडीवरचे तीन थांबे एकावर आले.

पुढल्या गणपतीत शंख हातात घेतला तेव्हा कुणी पोर हसलं नाही. मी आरतीच्या तबकाकडेच बघत राहिले, वर बघायची छाती होईना. आधी थोडी खरखर, आणि मग आवाज आला. पूर्वीएवढा लांब नाही. तो काही पूर्वीएवढा होणारही नव्हता. पण स्वच्छ होता आणि मध्ये तुटला नाही. टाळ वाजू लागले. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि ती मी पुसलीही नाही.

"धर गो," म्हणत ह्यांनी शंख माझ्या हातात दिला. मी तो नाकाशी नेला. विडीचा वास नव्हता. त्या वर्षी गणपती गेल्यावर मी चिंच भिजवली नाही. तसाच कापडात गुंडाळला आणि फळीवर ठेवला.