ओठ न लावता

नखसारांनी शाळेतल्या एकाही मुलाचा चेहरा कधी धड पाहिला असेल असं मला वाटत नाही. ते माणसं हातांवरून ओळखायचे. सकाळी घंटेआधी लाकडी पट्टी घेऊन फाटकाशी उभे राहायचे आणि त्यांच्यासमोरून हातांची रांग सरकायची. "हा अंगठा सहावी 'ब'चा," असं खाली मान घालूनच म्हणायचे, आणि ते खरं निघायचं. एकदा मद्रासेत आमच्या मैलापूरच्या देवळात आई आणि मी त्यांच्या पुढ्यात उभ्या राहून नमस्कार करतोय, तर हे आपले परक्यासारखे बघताहेत. मी हात पुढे केले तेव्हा कुठे ओळख पटली. "अगो, तूं होय!" म्हणाले, आणि देवाच्या दारात माझी करंगळी तपासली.

त्यांचं खरं नाव कुठलंसं राव. तंजावरकडच्या मराठी घरांत सगळेच राव, त्यामुळे त्या नावाचा ओळखायला काडीचा उपयोग नव्हता. सार म्हणजे सर. मद्रासेत 'सर' असा कोरडा उच्चार कुणी करत नाही. माझे वडील अंबत्तूरच्या एका कारखान्यात लागले म्हणून सत्तरच्या दशकात आम्ही साताऱ्याहून तिथे गेलो होतो. परक्या गावात मराठी बोलणारा शिक्षक मिळाला म्हणून आईला कोण आनंद! तो पहिल्या भेटीपर्यंत टिकला. सारांचं मराठी त्यांच्या पूर्वजांनी तिकडे नेलं तेव्हाचं होतं, वर तमिळ हेल. "लेक तुमची शहाणी असे, परंतु नखांकडे लक्ष नाहीं," असं त्यांनी आईला सुनावलं. आई घरी येऊन म्हणाली, "हे शिक्षक आहेत की पोथी?" आणि सारांना आमचं मराठी उद्धट वाटायचं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. "तुम्ही लोक भांडतां कीं बोलतां, कळत नाहीं," म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

शुक्रवारचा शेवटचा तास आरोग्याचा. बाकीच्या शिक्षकांना वह्या तपासायला फुरसत मिळावी म्हणून केलेली ती सोय होती, पण हे सारांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतः काढलेलं माशीचं चित्र फळ्यावर लटकत असे. मांजराएवढी माशी, सहा पायांना सहा रंगांची घाण. पहिलीतली पोरं ती बघून भोकाड पसरायची. मग हात धुण्याचं प्रात्यक्षिक. मद्रासेत पाणी लॉरीने यायचं, आलं तर. असलं मोलाचं पाणी धड्यावर घालवायला मुख्याध्यापक काही खुळे नव्हते. म्हणून आम्ही हवेत हात धुवायचो. पन्नास मुलं, न दिसणारा नळ आणि न दिसणारा साबण. "बेचकें विसरलीस गे! देवानें दहा बोटें दिलीं तीं दहा घाणी वाहावयास नव्हें," सार ओरडायचे. मी हवेत इतके सुरेख हात धुवायचे की सातवीत मला आरोग्याचं बक्षीस मिळालं. साबणाची डबी. आत साबण नव्हता.

सारांचा जन्मोजन्मीचा वैरी म्हणजे पट्टम्मा. फाटकाबाहेर टोपली घेऊन बसणारी म्हातारी, तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, आवळे, उकडलेल्या शेंगा विकायची. मधल्या सुट्टीत सार तिच्या आणि आमच्या मध्ये भिंतीसारखे उभे राहायचे. "तें खाद्य नव्हें, तो रोग आहे, मीठ लावून दिलेला!" पोरं त्यांच्या काखेखालून निसटायची. पट्टम्माला त्यांचा राग नव्हता. ती उलट त्यांनाच एक फोड पुढे करायची आणि म्हणायची, "सार, तोंड सुकलं तुमचं ओरडून." मुख्याध्यापकांकडे तिला उठवण्यासाठी सारांनी दर वर्षी अर्ज दिला, आणि मुख्याध्यापकांनी तो दर वर्षी नीट घडी घालून ठेवला. मी मात्र सारांची आदर्श विद्यार्थिनी. मी तिच्या टोपलीकडे कधी वळूनसुद्धा पाहिलं नाही. वास यायचा तेव्हा नाक दाबून धरायचे, असली शिष्ट कार्टी होते मी.

आणि आता हंडा. व्हरांड्यात सारांनी मोठा पितळी हंडा ठेवला होता. कंबरेएवढ्या चौथऱ्यावर, वर पांढरं फडकं आणि साखळीला बांधलेला एक पेला. हा हंडा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तिकडे पेल्याला ओठ लावणं म्हणजे महापाप. पेला वर धरायचा, मान मागे टाकायची आणि पाण्याची धार थेट घशात. साताऱ्याहून आलेल्या मला ते कुठलं जमायला! पहिला आठवडाभर पाणी नाकात गेलं, कानात गेलं, गणवेशावर गेलं, फक्त पोटात गेलं नाही. वर्ग हसायचा. सारांनी मला रोज सुट्टीत उभं करून शिकवलं. "ओठ लागला कीं उष्टें झालें. उष्टें झालें कीं रोग आला. हें एक पाळ, तुला कांहीं होणार नाहीं." कुणाचा चुकून ओठ लागलाच तर सबंध हंडा ओतून, चिंचेने लखलखीत घासून, पुन्हा भरेपर्यंत ते जेवायचे नाहीत. पाहुणे आले की मुख्याध्यापक आधी हंडा दाखवायचे आणि मग शाळा.

मी सातवीत होते त्या उन्हाळ्यात पाण्याची फारच ओरड झाली. मागच्या संडासाचा हौद कोरडा ठणठणीत पडला. जे काही पाणी यायचं ते हंड्यात. परीक्षेआधी एका पोराचे डोळे पिवळे झाले, मग दुसऱ्याचे, मग घराघरांत भुईआवळीचा कडूजहर रस वाटायला सुरुवात झाली. एकूण चौदा मुलं. त्या चौदांत मी. आरोग्याची बक्षीसविजेती हळदीसारखी पिवळी होऊन चटईवर पडली. बिनमिठाचा ताकभात खात होते आणि ज्याच्या त्याच्यावर खेकसत होते.

मुख्याध्यापकांना गुन्हेगार शोधायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पट्टम्मा! घडी घालून ठेवलेले सगळे अर्ज बाहेर निघाले. आता पालिकेकडे जोरदार तक्रार करायची, तिची टोपली जप्त करवायची आणि तिला त्या रस्त्यावरून कायमची हाकलायची असं ठरलं. त्या टोपलीवर ती आणि तिची आंधळी बहीण जगत होत्या, पण ते अर्जात लिहायला रकाना नसतो. अर्ज लिहायचं काम अर्थातच सारांकडे. त्यांना इतकं खूश कुणी कधी पाहिलं नव्हतं म्हणे. चौदाही घरी जाऊन, कुणी तिच्याकडचं काय आणि कधी खाल्लं याचा तक्ता करायला ते वही घेऊन निघाले.

आमच्या घरी आले ते संध्याकाळी. चटईशेजारी मांडी घालून बसले, वही उघडली.

"सांग गे. त्या बाईकडचें काय खाल्लेंस?"

"काही नाही, सार."

"भिऊं नकोस. रागें भरणार नाहीं."

"खरंच नाही, सार. कधीच नाही."

आई आतून म्हणाली, "अहो, तिला बाहेरचं खायची सवयच नाही. तुम्हीच तर वळण लावलंत."

सार वहीकडे बघत राहिले. मागची पानं उलटली. मग हळूच म्हणाले, "पाणी कोठलें प्यालीस?"

"हंड्यातलं, सार. ओठ न लावता," मी ऐटीत म्हटलं. बक्षीस काय उगाच मिळालं होतं!

"पेला भरलास कसा?"

"बुडवून."

"पाणी खालीं गेलें म्हणजे? हात कोठवर जाई?"

मी उजवा हात वर केला आणि कोपराच्याही वर बोट ठेवून दाखवलं. इथवर, सार. माझ्या आधीच्यांचे, नंतरच्यांचे, सगळ्यांचे हात इथवर. संडासाकडून थेट आलेले, हवेत धुतलेले हात. इतकी वर्षं आम्ही सगळे ओठांवर पहारा देत होतो आणि हातांनी पाणी ढवळत होतो, आणि हे ना त्यांना दिसलं, ना मुख्याध्यापकांना, ना हंडा बघून माना डोलावणाऱ्या एकाही पाहुण्याला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सारांनी माझा हात आपल्या हातात घेतला. नखं स्वच्छ होती. ते कितीतरी वेळ तो हात धरून बसले, आणि मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "अय्यो," एवढंच म्हणाले. आईने केलेली कॉफी तशीच ठेवून गेले.

शनिवारी पालकांची सभा. अर्जावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. मी जरा हिंडूफिरू लागले होते, म्हणून बाबांनी पुरावा म्हणून मलाही नेलं. सभागृह गच्च. दाराबाहेर पट्टम्माला उभं केलं होतं, टोपली पोटाशी धरून. सार अर्ज वाचायला उठले.

"अर्ज मी लिहिला आहे," ते तमिळमध्ये म्हणाले, "पण त्यात नाव चुकलं आहे. चौदांपैकी नऊ मुलांनी या बाईकडचं कधी काही खाल्लंच नाही. ती नऊ माझं ऐकणारी मुलं आहेत. जी माझं ऐकत नव्हती, तिच्याकडे खात होती आणि रस्त्यावरच्या हातपंपाचं पाणी पीत होती, त्यांतली बहुतेक धडधाकट आहेत. रोग माझ्या हंड्यातून आला. ओठ लावू नका हे मी शिकवलं. हात बुडवू नका हे मला सुचलं नाही. चूक माझी आहे. तिला जाऊ द्या."

मुख्याध्यापकांनी त्यांचा सदरा मागून ओढला. सार खाली बसले नाहीत. आणि मग जो गलका झाला! मला वाटलं होतं, लोक म्हणतील, वा, काय सच्चा माणूस. मी बारा वर्षांची होते, तेव्हा असं वाटणं माफ आहे. एका गरीब म्हातारीवर भडकण्यात ती मजा कुठून असणार, जी शिकल्यासवरल्या मास्तरावर भडकण्यात असते! शिवाय स्वतःच कबुली देऊन बसलेला. म्हणजे शोधायचेही कष्ट नाहीत. पट्टम्माविरुद्धचा अर्ज बाजूला पडला आणि तिथल्या तिथे सारांविरुद्धचा तयार झाला. या माणसाला मुलांजवळ ठेवू नये, असा. माझ्या बाबांनी त्यावर सही केली. खाली पत्तासुद्धा लिहिला, सुवाच्य अक्षरात. मी त्यांच्या शेजारीच होते. सारांनी रोज सुट्टी मोडून मला पाणी प्यायला शिकवलं होतं, हे मी तेव्हा म्हणू शकले असते. म्हटलं नाही, त्याची मला आजही लाज वाटते.

व्यवस्थापनाने त्यांचा आरोग्याचा तास काढून घेतला, फाटकावरची तपासणी बंद केली आणि त्यांना कपाटातल्या जुन्या पुस्तकांच्या याद्या करायला बसवलं. हंड्याला एका कासाराकडून खाली तोटी बसवून घेतली. अर्ध्या दिवसाचं काम. पुढच्या पाहुण्यांना मुख्याध्यापकांनी ती तोटी 'आमची कल्पना' म्हणून दाखवली. पट्टम्मा जिथल्या तिथे राहिली. "मला वाचवलं आणि स्वतः बुडाला, वेडा माणूस," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि पदराने डोळे पुसायची. सबंध मैलापुरात सारांच्या बाजूने बोलणारी ती एकटीच.

वर्ष संपल्यावर सारांनी नोकरी सोडली आणि तांबरमला भावाकडे राहायला जायचं ठरवलं. जाण्याआधी ते चौदाही घरी पुन्हा गेले. आमच्याकडे आले तेव्हा बाबा चटकन वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत शिरले. आई चहा की कॉफी विचारत घुटमळली. सार आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले आणि माझ्यापुढे, एवढ्याशा पोरीपुढे, त्यांनी हात जोडले.

"तुला मी दुखणें दिलें गे. चुकलें माझें."

मोठ्या माणसाने माफी मागितली तर काय म्हणायचं असतं, हे आम्हाला कुठल्याच तासाला शिकवलं नव्हतं. मी गप्प उभी राहिले. ते थोडा वेळ थांबले, मग मान हलवून जिना उतरले. पुन्हा भेट झाली नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही कुणाकडून तरी उडत उडत.

पुढे मीही त्याच शहरात शिक्षिका झाले. एकदा सेल्वी नावाच्या मुलीला मी सगळ्या वर्गासमोर मळक्या गणवेशावरून घालूनपाडून बोलले. स्वच्छतेवर चांगलं लांबलचक भाषण दिलं, मला येतातच ती. दुपारी कळलं, तिच्या गल्लीत पाच दिवस पाण्याची लॉरीच फिरकली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गासमोर उभी राहिले. टेबल धरून ठेवलं होतं. "सेल्वी, चुकलं माझं," म्हटलं.

ती अकरा-बारा वर्षांची पोर उठून उभी राहिली, लाजली, आणि म्हणाली, "परवाइल्लै, मिस." काही हरकत नाही, मिस. एवढं बोलून लगेच खाली बसली आणि वही उघडली. माझा श्वास मोकळा झाला. मग मी फळ्याकडे तोंड केलं आणि बराच वेळ वर्गाकडे वळले नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. सार उंबऱ्याबाहेर त्याचीच वाट बघत थांबले होते.