साखर-मिठाच्या पाण्यातली पुडी

मंडळी, मागच्या आठवड्यात याच कम्युनिटीवर मी छाती ठोकून लिहिलं होतं, 'पोट बिघडलं की मेडिकलमधून प्रोबायोटिकची पुडी आणा, नुकसान तर काहीच नाही.' ते आज मागं घेतो.

अँटिबायोटिकनं लागलेले माझे जुलाब त्या पुडीनं थांबले होते. तेवढ्यावर मी शहाणा झालो.

आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे माझे काका कॅन्सरच्या उपचारासाठी आमच्याकडं हिंगोलीला राहतात. त्यांना जुलाब लागले. बायको म्हणाली, "आधी डॉक्टरला इचारा." मी ऐकलं नाही. काका औषधाला कंटाळलेत, म्हणून त्यांना न सांगता साखर-मिठाच्या पाण्यात पुडी कालवून दिली.

आज सकाळी त्यांना ताप चढला. दवाखान्यात बायकोनं रिकामी पुडी टेबलावर ठेवली.

डॉक्टर म्हणाले, "ताप कशाचा ते तपासणीत कळेल. पण यांच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात. अशा वेळी पुडीतले जिवंत जंतूसुद्धा अंगावर उलटू शकतात. कोणी दिली ही?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

खाटेवरून काकाच बोलले, "त्याच्याकडं काहून पाहून राहिले, साहेब? म्याच मागितली व्हती."

त्यांना तर पुडीचा पत्ताच नव्हता.

काकांना भरती करून थेट सायबर कॅफेत आलोय. माझं वाचून कोणी घरातल्या आजारी माणसाला पुडी दिली असेल, तर आजच डॉक्टरला सांगा.

संध्याकाळी काकांचा डबा घेऊन जायचंय. कोणत्या तोंडानं जाऊ, तुमीच सांगा.