साडेपाच फूट खोल

"लबाड! लबाड! एक नंबरचा लबाड!" म्हातारी ओरडत होती आणि हातातला खराटा माझ्या नाकापुढं असा नाचवत होती की दोनदा माझ्या मिशीला राख लागली. "तूनंच सांगतलं होतं ना रे बावा? याच झाडाखाली उभा राहून सांगतलं होतं! साडेपाच फूट! वर होळी पेटव म्हने, खाली वायरीले घामही नाई येनार म्हने!"

तिचा आवाज असा की तिकडं मोठ्या रस्त्यावर सूरजागडच्या लोहखाणीचा माल घेऊन निघालेले ट्रक ब्रेक लावून उभे राहिले असतील. मी तर उभाच होतो. ते वाक्य माझंच होतं. शब्दन् शब्द.

झाड मोहाचं होतं, रस्त्याच्या कडेचं, म्हातारीच्या सासूच्या सासूपासून त्यांच्या घरचं. तिकडं मोहाची झाडं अशी घरोघर वाटलेली असतात, दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूलही कोणी उचलत नाही. फुलं गळायच्या दिवसांत बुंध्याभोवतीचा पाला खराट्यानं गोळा करून जाळायचा, म्हणजे पहाटे पडलेली फुलं साफ जमिनीवर दिसतात. फॉरेस्टवाले नको म्हणतात, बाया हो म्हणतात आणि पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, जवळ ठेवून जाळतात. त्या सकाळी म्हातारीनंही जाळला. आणि त्याच पाल्याखालून आमची वायर गेली होती, म्हणजे ज्या ठेकेदाराकडं मी वायरी पुरतो-जोडतो त्याची. काळा पाइप, पाइपात वायर, वायरीत केसासारख्या बारीक बारा काचा. त्या काचांतून उजेड धावतो, उजेडातून इंटरनेट. पाइप वितळला, वायर वितळली, आणि पाव कोसावर ग्रामपंचायतीतल्या डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला.

"पाइप दिसला नाही का, आजी?" मी हळूच विचारलं.

"दिसला ना! मले वाटलं नळाचा फुटका तुकडा होय. वायर तं साडेपाच फुटावर ना बावा!"

मी खाली वाकून राख बाजूला सारायला लागलो.

मला बोलावलं होतं केंद्रावरच्या बाईनं. ती पंचायतीच्या खोलीत ऑनलाइन कामाचं केंद्र चालवायची. दाखले, फॉर्म, रेशनचा अंगठा, सगळं तिच्याकडं. वायर यायच्या आधी रेशनचं मशीन घेऊन अख्खं गाव टेकडीवर चढायचं, कारण मोबाइलचं नेटवर्क तिथंच यायचं. ही म्हातारीसुद्धा दर महिन्याला काठी टेकत वर जाऊन अंगठा देऊन खाली यायची. त्या दिवशी केंद्रावरची बाई त्याच टेकडीवर पळत गेली आणि आलापल्लीला माझ्या खोलीवर तिचा फोन आला.

"भाऊ, चार वाजता साहेब येऊन राह्यला. जिथी दिवा लाल, तिथला डबा काढून नेतो म्हंते. तुमी या."

लाइनी तपासणारा हा साहेब शहरातून निघाला होता, आणि त्याच्या मोबाइलमध्ये एक यादी होती. बंद पडलेल्या लाइनी बघायच्या, कारण लिहायचं. काम कच्चं निघालं तर ठेकेदारानं पुन्हा खणायचं. गावानं नुकसान केलेलं निघालं तर गाव योजनेतून बाद, आणि डबा जाणार जिथं गिऱ्हाईक आहे तिथं.

लोक मला नेहमी विचारतात, चंद्रपुरात घरोघर फायबर, बल्लारपुरात एका खांबावर चार चार कंपन्यांच्या वायरी, इतक्या की कावळ्याला बसायला जागा नाही, मग इकडंच काऊन नाई? मी आजवर याची चाळीस उत्तरं दिलीत, त्यातली एकोणचाळीस रंगवून. उरलेलं एक असं. तिकडं शंभर पावलांत शंभर घरं. इकडं वायरीचा अख्खा ड्रम संपतो आणि घर काही येत नाही. मधे जंगल. जंगलात खणायची परवानगी फिरत फिरत येते, तोवर अर्ज करणाऱ्याला नातू होतो. आली की तिच्यात अट असते, मशीन न्यायचं नाही, मूळ तोडायचं नाही, हातानं खणा. आणि हाताखाली खडक. लोखंडी सब्बल मारली की ठिणगी आणि शिवी बरोबरच निघते.

या मोहाखाली आमच्या दोन सबली वाकल्या. तिसरी वाकायच्या आत मुकादमानं वहीत 'साडेपाच फूट' लिहिलं, मी सही ठोकली आणि पाइपावर माती लोटली. म्हातारी तेव्हा खराटा घेऊन बाजूलाच उभी. "माह्या पाल्याची आग लागन का रे याले?" असं तिनं विचारलं. मी छाती फुगवून तो होळीचा आणि घामाचा डायलॉग मारला. बाया हसल्या, मला बरं वाटलं. नंतर दोन पावसाळ्यांनी वरची माती धुऊन नेली.

मी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते.

वायर जोडणं म्हणजे वेल्डिंग नव्हे. काच सोलायची, पुसायची, सरळ कापायची, मशीनमध्ये समोरासमोर धरायची, मग ठिणगी पडून दोन काचांची एक काच होते. कणभर धूळ चालत नाही. आणि मी बसलो होतो राखेच्या ढिगात, वर मार्चचा वारा. पुलाजवळ आम्ही वायरीचं थोडं वेटोळं राखून ठेवलं होतं, ते ओढून आणलं, जळकं कापून फेकलं. बारापैकी दोनच काचा वापरात होत्या, निळ्या रंगाची आणि नारिंगी, बाकीच्या राखीव. त्याच आधी धरल्या.

पहिली निळी. मशीन म्हणालं, नाही. पुन्हा सोलली, पुन्हा कापली. नाही. दरवेळी बोटभर काच वाया जाते, आणि ओढून आणलेली वायर काही मारुतीचं शेपूट नव्हती. मशीनच्या बॅटरीचा एकच दांडा उरला होता.

"धूळ जाऊन राह्यली ना त्यात," वरून आवाज आला. मघाची शिव्या देणारीच. "ए पोरींनो, ताडपत्री आना!"

धान झाकायची ताडपत्री आली. पाच बायांनी ती माझ्याभोवती धरली. आत एवढं उकडत होतं की माझ्या घामात कोळंबी पोसली असती. म्हातारीनं आपल्या पाण्याच्या गुंडातलं पाणी राखेवर शिंपडून धूळ बसवली आणि माझ्या मानेमागं येऊन उभी राहिली. तिचा श्वास कानाला लागत होता.

दिवा हिरवा झाला की नाही हे मला इथून कळणार नव्हतं. त्याचाही बंदोबस्त बायांनीच केला. पंचायतीपासून झाडापर्यंत हाकेच्या अंतरावर एकेक जण उभी राहिली. केंद्रावरची बाई डब्यासमोर, आणि तिचा शब्द एकीकडून दुसरीकडं ओरडत माझ्यापर्यंत.

तिसऱ्यांदा निळी जुळली. नारिंगी पहिल्या झटक्यात. "दिवा बघा!" मी ओरडलो.

"लाऽऽल!" लांबून आलं. मग जवळून, "लाल!" मग ताडपत्रीच्या पलीकडून, "लालच हाय म्हंते भाऊ!"

त्याच वेळी रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. चाराला वीस मिनिटं होती. साहेब लवकर आला होता.

मी नारिंगी पुन्हा उघडली. बघतो तर जोडावरची नळी बसवताना काचेला वाक पडलेला. कापली. आता वीतभर काच उरली होती, त्यात जुळली तर जुळली. हात असे थरथरत होते की काच मधमाशीसारखी गुणगुणायला लागली. म्हातारीनं मागून माझं मनगट धरलं. तिची पकड सुताराच्या शिकंज्यासारखी होती, आणि हात हलायचा थांबला. ठिणगी पडली.

ताडपत्रीच्या फटीतून साहेबाचे बूट दिसत होते.

"हिरवाऽऽऽ!"

मग एकीमागून एक, हिरवा, हिरवा, हिरवा, असं ते ओरडणं रस्त्यानं पळत आलं. ताडपत्री खाली पडली. म्हातारीनं माझ्या पाठीत असा धपाटा मारला की मी मशीनवरच पडलो असतो.

साहेब हसला नाही. वाईट माणूस नव्हता, फक्त मोबाइलमधून डोकं काढत नव्हता. "लाइन चालू झाली, चांगलं झालं. पण बंद कशी पडली ते लिहावं लागतं." त्यानं राख बघितली, खराटा बघितला. "आग कोणी लावली?"

"मीनं लावली," म्हातारी म्हणाली. "माहं झाड होय."

"नोंदीत वायर साडेपाच फूट खोल आहे. साडेपाच फुटावरची वायर पाला पेटवून जळत नाही. म्हणजे आधी उकरून काढली, मग जाळली. गावाकडून नुकसान." त्याचा अंगठा मोबाइलवर उतरायला लागला.

केंद्रावरची बाई तोवर पळत पोचली होती. धापा टाकत होती. "साहेब, उकरली नाई. कोनीच नाई उकरली."

"मग नोंद खोटी आहे का?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "सही तुमची आहे ना?"

आता खरं सांगतो. माझ्या तोंडात त्या घटकेला एक अस्वल तयार होतं. उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, शोधात अस्वलं जमीन उकरतात हे साहेबालाही पटलं असतं. अस्वलाला मी पिल्लूसुद्धा दिलं होतं. गाव वाचलं असतं, मुकादम वाचला असता, मी वाचलो असतो. पण साडेपाच फूट उकरणारं अस्वल म्हणजे अस्वल नव्हे, ती विहीर खणणारी टोळी. आणि म्हातारी माझ्याकडं बघत होती. आता ओरडत नव्हती.

"खोटी आहे," मी म्हणालो.

"मग किती खोल होती?"

"वीतभर."

साहेबानं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. त्यानं आधीचं खोडून 'काम कच्चं' लिहिलं, मोबाइल पुढं केला, मी काचेवर बोटानं सही केली. गाडी निघून गेली. उरलेल्या दहा काचा मी ऊन कलेपर्यंत जोडत बसलो.

मग मशीन चार्ज करायला केंद्रावर गेलो. बाई म्हातारीचा अंगठा मशीनवर दाबून धरत होती. अंगठा राखेनं काळा, तिसऱ्यांदा पुसून लावलेला. मी खुर्ची ओढली आणि सुरू झालो. उद्या मुकादम मला कामावरून काढणार, परवा आलापल्ली ते चंद्रपूर एकही ठेकेदार मला उभा करणार नाही, पण या गावासाठी मी साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, वीतभर! खणखणीत! जन्मात पहिल्यांदा इंचभरही वाढवून नाही सांगितलं.

मशीननं अंगठा घेतला. बाईनं पावती फाडून म्हातारीच्या हातात दिली.

"वीतभर नाई होती, भाऊ," बाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "चार बोटं होती."