पूनमचा तास

मैंदर्गीच्या पलीकडं, वस्तीवरच्या शाळेत दानेश्वरीबाईंनी एक पद्धत पाडली होती. मेंढरांमागं गेलेलं पोर परतलं की पहिला तास त्याचा. मुक्काम कुठं पडले, काय काय पाहिलं, ते त्यानं सांगायचं आणि बाई त्यातूनच त्या दिवशीचं गणित नि भाषा काढायच्या. बुडालेले धडे मागाहून भरून निघायचे. त्यापायी कधी आभाळ कोसळलं नाही.

यंदा दिल्लीहून वेळापत्रक आलं. देशभर एका दिवशी एकच पान, आणि शिकवल्याचा व्हिडिओ वर पाठवायचा. दिल्लीत बसून मैंदर्गीच्या पोरांची पानं उलटायची हौस कुणाला आली, सिद्धेश्वर जाणे! तालुक्याच्या बैठकीत बाई उठल्या.

"साहेब, पुस्तक तुमचं घेते. पण कुठलं पान कधी उघडायचं, ते माझ्या पोरांकडं बघून मला ठरवू द्या की."

साहेब माणूस भला. "मलाही पटतं हो बाई. पण वरून आलंय," म्हणाले आणि चहा मागवला.

उन्हं तापू लागली तशी येडू धनगराची मेंढरं परतली. त्याची पूनम तिसरीत. सकाळी ओढणीच्या गाठीत कसलीशी पिसं नि खडे बांधून ती वर्गाच्या दारात उभी राहिली. चेहरा नुसता फुललेला.

"बाई, आमची मेंढी नदीत..."

टेबलावर फोन टेकवलेला, व्हिडिओ चालू. बाईंनी बोट वर केलं. "आत्ता नको. खाली बस, पान काढ."

उद्या देऊ तिला तास, असं बाईंनी मनाशी ठरवलं. पण उद्याला दुसरं पान होतं, परवा तिसरं. मग पूनम यायचीच बंद झाली.

बाई पालावर गेल्या. पूनमची आई चिमाबाई चुलीशी होती. "लई घोकत हुती वो बाई. मेंढरं पुढ्यात बसवून त्यास्नीच सांगायची. आता इचारलं तरी बोलत न्हाय."

बाई भांडल्या दिल्लीशी, पण पोरीच्या तोंडावर हात ठेवला तो त्यांनीच. डोळे पुसत त्या मातीतच बसल्या आणि पूनमला जवळ ओढलं.

"सांग गं बाळा, मेंढीचं काय झालं? आज अख्खा दिवस तुझा."

पूनम हळूच म्हणाली, "बाई, कुटल्या पानावरचं सांगू?"