‘नाही’ म्हणायची तालीम

आमच्या ह्यांना त्यांच्या धंद्यात सगळे मास्तर म्हणतात. शाळेत कधी शिकवलं नाही, पण औषधं खपवायला नव्याने लागलेली पोरं कंपनी ह्यांच्याच हाताखाली द्यायची. दार किती उघडायचं, बॅग कुठे ठेवायची, डॉक्टर फोनवर असले तर आपण कुठे बघायचं, सगळं हे शिकवायचे. दवाखान्यात पेशंटांच्या रांगेत टाय लावून, धडधाकट असून बसलेला एक माणूस असतो ना, तो एमआर. आमचे हे त्यातलेच. मी त्यांची बायको. घरी शिलाई मशीन आहे माझं, पँटी आखूड करते, चेन बदलून देते. माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा जास्त चालते असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्यात काही खोटं नाही.

लग्न ठरलं तेव्हा माझे वडील चारचौघांत सांगत सुटले होते, "जावयाची डॉक्टरांत उठबस आहे." डोंबलाची उठबस! बसा म्हणून कुणी म्हणायचंच नाही. हे उभ्यानेच बोलायचे. डॉक्टर आधीच्या पेशंटचं काहीतरी लिहीत असायचे, मान वर न करता "हं, बोला" म्हणायचे, आणि हे त्यांच्या टकलाला नव्या गोळीचे गुण सांगायचे. सांगून झालं की हसून आभार मानायचे आणि पाठ न दाखवता बाहेर पडायचे.

मला हे इतकं ठाऊक, कारण घरी डॉक्टर मीच व्हायची. कंपनीने नवीन औषध काढलं की त्याचं भाषण पाठ करावं लागे, आणि ते कुणासमोर तरी म्हणून बघावं लागे. मी मशीनवर बसून खाली मान घालून शिवत राहायची. हे दारातून आत यायचे, "गुड मॉर्निंग डॉक्टर." मी म्हणायची, "हं. लवकर." मध्येच मुद्दाम म्हणायची, "महाग आहे तुमचं औषध, दुसऱ्या कंपनीचं स्वस्त मिळतं." यांना केवढा आनंद! "अगदी बरोबर बोललात डॉक्टर," असं सुरू व्हायचं. समोरच्याला कधी खोडून काढायचं नाही, आधी बरोबर म्हणायचं आणि मग आपलं पुढे सरकवायचं, हा त्यांच्या शाळेतला पहिला धडा. मग दोन-तीन असे प्रश्न टाकायचे की उत्तर ‘हो’च येईल. शेवटी पेन पुढे करायचं आणि गप्प बसायचं, याला ते क्लोजिंग म्हणायचे. "पेन दिल्यावर जो आधी बोलला तो हरला," असं पोरांना सांगायचे. बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात, पण माझा नवरा न बोलताही विकायचा.

आमची लेक लहानपणी हे बघून पोट धरून हसायची. आता ती कॉलेजात आहे आणि बरीच वर्षं हसलेली नाही, निदान त्यावरून तरी.

कारण मधल्या काळात सगळंच फिरलं. दवाखान्यांच्या दारांवर पाट्या लागल्या, एमआरनी आठवड्यातून एकदाच यावं, एका वेळी एकानेच यावं. मग कंपन्यांनी औषधाची माहिती थेट डॉक्टरांच्या फोनवर पाठवायला सुरुवात केली. मग यांच्या फोनमध्ये एक ॲप घातलं, हे कुठे आहेत ते वरच्यांना दिसावं म्हणून. एकदा गुडघा दुखत होता म्हणून हे एका झाडाखाली जरा टेकले, तर लगेच फोन, "मास्तर, हालचाल दिसत नाही." मेलं, गुरांच्या गळ्यात तरी घंटा असते, ती निदान वाजते! मी फोनवर बोलायला निघाले होते, तर यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

मग माणसं जायला लागली. कुणाला काढलं असं कधी ऐकू यायचं नाही. यांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यातून एकेक नाव आपोआप नाहीसं व्हायचं. पूर्वी चहाच्या टपरीवर दहा-बारा टाय जमायचे, डॉक्टरांच्या नकला व्हायच्या. नंतर तिथे हे आणि दुसऱ्या कंपनीचा एक, असे दोघंच उभे असायचे, आणि दोघंही फोनकडे बघत असायचे. घरी येऊन हे जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे. नकला तर सोडाच, कोणता डॉक्टर काय म्हणाला हेही सांगेनासे झाले. "काय झालं?" विचारलं की, "काही नाही." काही नाही, काही नाही! मला त्या दोन शब्दांचा इतका संताप यायचा की मी भांडी आपटायची.

या वर्षी मात्र पाणी गळ्याशी आलं. यांच्या भागातले अर्धे लोक कमी करायचे असं वरून ठरलं, आणि ते काम सोपवलं कुणावर? तर बारक्यावर.

बारक्या म्हणजे यांचा आता साहेब. पण नोकरीला लागला तेव्हा काडीसारखा हडकुळा पोरगा होता, कुणाच्या दारात जायला घाबरायचा, म्हणून यांनीच त्याला हे नाव ठेवलं. वर्षभर यांच्या पाठीमागून फिरला, आमच्या ताटात जेवला. त्याची टायची गाठ यांनी बांधून दिलेली मी बघितली आहे. कानामागून आला आणि तिखट झाला, दुसरं काय. त्याने निरोप धाडला की अमुक दिवशी एका हॉटेलात सगळ्यांनी यायचं, एकेकाशी स्वतंत्र बोलायचं आहे.

यांचा एक जुना मित्र युनियनमध्ये होता, मी त्यांना भावोजी म्हणते. ते त्याच दिवशी घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "मास्तर, एकच गोष्ट डोक्यात ठेवा. सही करायची नाही. राजीनामा आपल्या हाताने दिला की संपलं, मग काही मागता येत नाही. नाही दिला तर त्यांना कारण दाखवावं लागेल, नोटीस द्यावी लागेल, भरपाई द्यावी लागेल. निदान लेकीचं शिक्षण होईपर्यंत आपण त्यांना झुलवू शकतो. फक्त नाही म्हणायचं."

"एवढंच ना?" हे म्हणाले.

"एवढंच," भावोजी म्हणाले.

पण मी या माणसाबरोबर संसार केलाय. मला माहीत होतं की हे एवढंच कधी जमलेलं नाही. भाजीवाल्याने किडकी वांगी टाकली तरी हे त्याला थँक्यू म्हणून येतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मशीन बंद केलं, समोर खुर्ची मांडली आणि म्हटलं, "चला, तालीम. मी बारक्या."

पहिल्याच फेरीत मी म्हटलं, "मास्तर, इथे सही करा." तर हे काय म्हणाले असतील? "अगदी बरोबर आहे सर तुमचं, पण..."

"बरोबर?" मी उडालेच. "अहो, तो तुमच्या पोटावर पाय देतोय आणि तुम्ही त्याला बरोबर काय म्हणताय!"

"सवयीने गेलं तोंडातून."

"सवय चुलीत घाला. परत."

परत "तुमचा मुद्दा समजला सर." परत "मी नक्की विचार करतो सर." मी डोक्याला हात लावला. लेक आतून ऐकत होती, ती बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, सर म्हणूच नका. पहिला शब्द नाही. नुसता नाही." मग दोघींनी त्यांना मधे घेतलं. रोज संध्याकाळी जेवणाआधी आमच्या घरात हाच धडा. मी गोड बोलून बघितलं, दरडावून बघितलं, लेकीने तर खोटं रडूनही दाखवलं. आणि एका संध्याकाळी, मी कागद पुढे सरकवला तसे हे ताठ बसले आणि म्हणाले, "नाही. मी सही करणार नाही." आवाज जरा कापला, पण म्हणाले. लेकीने टाळ्या वाजवल्या. कितीतरी दिवसांनी हे हसले. मला वाटलं, निभावलं.

हॉटेलात जायच्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, बूट चमकवले. दारात मी विचारलं, "पहिला शब्द?"

"नाही," म्हणाले.

ते गेल्यावर मी एक चेन बसवायला घेतली आणि ती उलटी बसवली. उसवली, परत उलटी. शेवटी हात आवरला आणि खिडकीशी उभी राहिले. दुपार कलली तेव्हा हे रस्त्याच्या टोकाला दिसले. चाल बघितली आणि जीव भांड्यात पडला, कारण चांगले झपाझप येत होते. लेक दार उघडायला धावली.

बूट काढता काढता म्हणाले, "काय क्लोजिंग केलं गं पोराने! मानलं त्याला."

"कुणी? काय केलं?" मी विचारलं. "तुम्ही नाही म्हणालात ना?"

ते ऐकतच नव्हते. पाणी प्यायले आणि रंगात येऊन सांगायला लागले, पूर्वी डॉक्टरांच्या गोष्टी सांगायचे तसे. "मी आत गेलो तर हा उठून उभा राहिला. स्वतः दार लावलं. टेबलापलीकडची खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणून ठेवली. माझ्यासमोर फोन बंद केला. पाणी ओतून दिलं. तुझी चौकशी केली, हिचं कितवं वर्ष ते विचारलं, गुडघ्याचं विचारलं. सगळं लक्षात आहे त्याच्या. मग म्हणाला, मास्तर, दमलात ना? मी म्हटलं, हो. म्हणाला, रोज कुणाच्या दारात ताटकळणं आता नको वाटतं ना? म्हटलं, हो. म्हणाला, इतकी वर्षं कमावलेलं नाव शेवटी खराब होऊ नये, असंच वाटतं ना तुम्हाला? म्हटलं, हो."

तीन हो. मी हे घरबसल्या शेकडो वेळा ऐकलेलं.

"आणि मग त्याने कागद ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं, आणि गप्प बसला. हूं की चूं नाही. तंतोतंत मी शिकवलं तसं."

"आणि तुम्ही?"

"केली सही."

लेकीच्या हातातला काचेचा पेला खाली पडून फुटला. मी मात्र पेटले. "अहो, तुम्हाला अक्कल आहे की नाही? तुमचंच जाळं, तुमच्यावरच टाकलं, आणि तुम्ही त्यात पाय सोडून बसलात? कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं ना. पहिल्या प्रश्नालाच कळलं."

"मग तालीम कशाला केली आपण? दोघीजणी घसा फोडून ओरडलो ते? एक शब्द म्हणायचा होता, एक! का नाही म्हणालात?"

आता ते खाली बघायला लागले. सगळा रंग उतरला. टायची गाठ सोडत होते, ती सुटत नव्हती.

"अगं, तो माझ्या शेजारी बसला होता," ते म्हणाले. "माझ्याकडे बघत होता. चांगला अर्धा तास, नुसता माझ्याकडे. मी बोलत होतो आणि तो ऐकत होता. इतक्या वर्षांत असं कुणी..." तिथेच थांबले. मग म्हणाले, "नाही म्हटलं असतं ना, तर तो उठून गेला असता."

लेक काचा गोळा करत होती. मी वाकून त्यांच्या टायची गाठ सोडवायला लागले, आणि ती सुटेपर्यंत त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.