खोटं बोला, पण इंग्रजीत बोला

आमच्या क्लासमध्ये विसरलेल्या वस्तूंचं एक खोकं आहे. त्यात चष्मे आहेत, स्कार्फ आहेत, डब्यांची झाकणं आहेत, एका पायाची चप्पल आहे. (तो माणूस घरी कसा गेला असेल बाप्पा!) मालक सगळे आता कॅनडात, इंग्लंडात. किश्शांचंही तसंच झालं. ज्यांचे होते ते विमानात बसून गेले आणि किस्से माझ्यापाशी राहिले. बहुतेकांत खोडी माझीच. पूर्वी सांगताना मीच आधी हसायचो. हल्ली एका किश्शापाशी आलो की मान खाली जाते. पण सांगतो.

मी मारोतराव. सातवी पास. आठवीत दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये उभी हयात कापूस उडवला. आता वर्ध्यात माझ्या पुतण्याच्या, प्रकाशच्या क्लासचं शटर उघडतो, बाकं लावतो, चहा करतो. ज्यांना परदेशात नोकरीला, कायमचं राहायला किंवा नवऱ्याकडे जायचं असतं, त्यांना आधी इंग्रजीची टेस्ट द्यावी लागते. ती प्रकाश शिकवतो. मी फक्त वातावरण तयार करतो!

* * *

पांढरा शर्ट आणि पांढरे केस पाहून नवीन पोरं मलाच सर समजतात. मीही नाही म्हणत नाही. दारातच अडवायचं. ''नेम?'' ते नाव सांगतात. ''कंट्री?'' कॅनडा. मग डोळे बारीक करून, सावकाश, ''व्हाय?''

एक मेडिकल स्टोअरवाला आला होता. माझा ''व्हाय?'' ऐकला आणि त्याला घामच फुटला. त्यानं मोडलेलं लग्न, भावाशी भांडण, मूळव्याध, सगळं मराठीत सांगून टाकलं. मी शेवटी म्हणालो, ''गुड.''

एवढ्या चार शब्दांवर मी वर्षानुवर्षं परीक्षक होतो!

* * *

टेस्टमध्ये एक विषय देतात आणि त्यावर दोन मिनिटं बोलायचं असतं. मंगेश नावाच्या मुलाला विषय आला, 'तुम्हाला उशीर झाला तो प्रसंग'. घड्याळ चालू, मंगेश बंद.

''बोल ना बे!'' प्रकाश ओरडला.

''सर, मले उशीर झालाच नाई कधी. खोटं काऊन सांगू?''

''अरे, तिथं तुह्यी इंग्रजी पाह्यतात, खरेपणा नाई!''

आमच्याकडची माणसं अशीच. परीक्षेत विचारलं म्हणजे कोर्टात विचारलं. त्यांना वाटतं, गोऱ्या साहेबाचा माणूस उद्या घरी येऊन चौकशी करेल. शेवटी वैतागून प्रकाशनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'खोटं बोला, पण इंग्रजीत बोला!'

त्याच दिवशी एक रिटायर्ड हेडमास्तर मुलीचं नाव घालायला आले. त्यांनी फळा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि मुलीचा हात धरून उतरले ते थेट रस्त्यावर!

* * *

रेखाताई देवळीची. नवरा इंग्लंडात, टेस्ट पास झाली की ही जाणार. हेडफोन लावून एका गोऱ्याचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि उत्तरं द्यायची, असा सराव असतो. मी तिला कानात सांगितलं, ''ताई, तो पलीकडून ऐकून राह्यला बरं! उत्तर नाई देलं तर त्याले राग येते.''

झालं! पंधरा पोरं चुपचाप लिहितायत आणि रेखाताई मोठ्यानं, ''गुड मॉर्निंग सर! आय ॲम फाइन सर! यू जेवलं सर?''

पोरं बाकावरून खाली पडायची राहिली. ती तोंडावर पदर घेऊन बाहेर गेली. बाथरूममधून आवाज आला. मला वाटलं, खोकते आहे. खोकत नव्हती.

पास झाली, गेली. तिकडून माझ्यासाठी चॉकलेट पाठवलं. मी ते खाल्लं नाही... खोटं कशाला बोलू, खाल्लं.

* * *

आता तो किस्सा.

तुळशीराम माझा लहानपणचा दोस्त. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता, आता बोरगाव मेघेला राहतो. बायको वारली. एकच मुलगी, सरिता. तिला नर्स त्यानंच केलं. ती इंग्लंडात, आणि पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. आई नाही म्हणून तिनं बापालाच बोलावलं. ''बाबा, दोन महिने या. तुम्ही नुसते घरात असले तरी बस.''

तुळशीराम क्लासमध्ये आला. ''जय भीम, मारोत्या! अबे, मी सरीकडं जाऊन राह्यलो. मलेही ते इंग्रजीची परीक्षा लागते काय?''

मला काय माहीत होतं? काहीच नाही. पण जीभ शिवशिवली. ''लागते म्हंजे? तुले तर सगळ्यात आधी लागते! आधी क्लासची, मंग सरकारची. अन् क्लासची मीच घेतो.''

''मंग सरीले नाई सांगत आत्ता,'' तो म्हणाला. ''पास झाल्यावरच सांगीन. खूश होईन पोरगी.''

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन मागच्या बाकावर हजर! प्रकाशला वाटलं, काकांचा दोस्त आहे, वेळ घालवतो. पोरांना मी डोळा मारून ठेवला होता.

तुळशीरामनं इंग्रजी असं धरलं, जसं पाना धरायचा. ऑटोत बसला की, ''प्लीज गो बोरगाव मेघे. प्लीज स्लो.'' एका ऑटोवाल्यानं त्याला परदेशातून आलेला पाहुणा समजून थेट सेवाग्रामच्या आश्रमात नेऊन सोडलं! हा तिथंही उतरून म्हणाला, ''थँक्यू.''

* * *

प्रकाश एक दिवस नागपूरला गेला. त्याच दिवशी मी परीक्षा ठेवली. गळ्यात प्रकाशचा टाय, डोळ्यांवर काळा चष्मा, बसलो केबिनमध्ये. काचेबाहेर पोरांची गर्दी. तुळशीराम इस्त्रीचा शर्ट घालून आला.

मी डोळे बारीक केले. ''कंट्री?''

''इंग्लंड.''

''व्हाय?''

तो उभा राहिला. मेकॅनिकचे जाड हात पँटच्या शिवणीला लावले आणि एक एक शब्द मांडला. ''माय डॉटर सरिता इज नर्स. शी हॅज नो मदर. आय विल मेक हर टी. देन आय विल कम बॅक.''

याच्यापुढे माझ्यापाशी इंग्रजी संपली. पण पोरं काचेला चिकटली होती! मी लाल पेन घेतला, कागदावर मोठ्ठं 'फेल' लिहिलं आणि दिलं.

ठरलं असं होतं की मग मी चष्मा काढणार, सगळे हसणार, समोसे येणार. तुळशीरामनं कागद वाचला, चार घड्या केल्या, खिशात ठेवला. ''थँक्यू सर,'' म्हणाला आणि गेला. पोरं हसत आत शिरली, मीही हसलो. म्हटलं, उद्या सांगू.

उद्या तो आला नाही. वही बाकावरच राहिली. मी ती खोक्यात टाकली.

चौथ्या दिवशी मी बोरगावला गेलो. दारातून आवाज ऐकू आला. फोनवर होता. ''गुडघा लय दुखते ना माय. इतका दूरचा प्रवास नाई जमत. तू जप. पाणी गरम करून पेजो.''

त्याच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. मी आत गेलो, चहा प्यायलो, पावसापाण्याचं बोललो आणि परत आलो.

* * *

नातू झाला. तुळशीराम पेढे घेऊन क्लासमध्ये आला. प्रकाशनं सहज विचारलं, ''काका, तुम्ही जाणार होते ना? गेले काऊन नाई?''

''नापास झालो ना सर!''

प्रकाशनं माझ्याकडे पाहिलं. तुळशीराम गेल्यावर तो इतकंच म्हणाला, ''काका, नुसतं भेटाले जाणाऱ्याले टेस्ट लागतच नाई. जा, सांगा त्याले.''

गेलो. सांगायलाच गेलो होतो. तुळशीरामनं पाट दिला, पाणी दिलं. मी म्हणालो, ''तुळश्या, नियम बदलला बे. आता टेस्ट नाई लागत.''

मराठीतच खोटं बोललो!

तो उठून उभा राहिला. ''खरं?'' म्हणाला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले.

* * *

बाळ आठ महिन्यांचं होतं तेव्हा तुळशीराम इंग्लंडला गेला. दोन महिन्यांनी परत आला, तर प्रकाशनं त्याला नवीन बॅचसमोर उभं केलं. ''काका, पोरं भेतात. सांगा, तिकडं काय इचारलं?''

तुळशीराम खुलला. ''विमानतळावर एक साहेब होता. पासपोर्ट पाह्यला अन् म्हणते, हू इज इन इंडिया? म्हंजे, परत कायच्यासाठी जासान? शेत नाई, बायको नाई, नोकरी नाई. मले सुचेच ना! फळ्यावरचं इसरलो सर मी, खरंच बोललो. माय फ्रेंड मारोती इज इन इंडिया. ही टेक माय एक्झाम. ही फेल मी.''

पोरं हसली.

''साहेबही हसला. म्हणे, बॅड फ्रेंड! मी म्हटलं, नो सर. फ्रेंड, बट फेल मी. ऑनेस्ट मॅन. आय गो बॅक टू हिम. साहेबानं धाडकन ठप्पा मारला!''

सगळ्या बॅचनं टाळ्या वाजवल्या. प्रकाश फळा पुसायला लागला, कोराच होता तरी. मी चहाचा ट्रे धरून दारात उभा होतो. पुढच्या बाकावरची एक नवी मुलगी मागे वळली आणि एकदम उठून उभी राहिली.

''सर, ते तुम्हीच ना?''