गच्चीवरचा पिवळा उजेड

“गोळीबाराच्या खेळात कसलं आलंय संगीत आणि कसली चित्रकला? नुसता ठणठणाट!” असा निकाल शेजारच्या दत्तोपंतांनी काल आमच्याकडे चहा पिता पिता दिला. मी आयुष्यभर नाटकांचे पडदे रंगवले. ‘लोक नट पाहायला येतात, पडद्याकडे कोण बघतो?’ हे तेव्हाही ऐकले होते. म्हणून हे वाक्य मला अधिकच झोंबले.

“पंत, तुम्ही टीव्हीकडे पाठ करून बसला होतात,” मी म्हणालो.

आमची सूनबाई टीव्हीवर तो व्हिडिओ गेम खेळते; कालही पंतांच्या पाठीमागे तोच चालू होता. त्यातल्या ओसाड शहरात एक पडकी गच्ची आहे. तिथे मावळतीचा उजेड ओल धरलेल्या भिंतीवर असा तिरका पडतो, की रंगवणाऱ्याने तशी भिंत कधीतरी हाताने चाचपली असावी. तेवढ्यात बंदुकांचा आवाज मागे सरतो आणि एकटे व्हायोलिन वाजू लागते.

“योगायोग हो, अण्णा!” पंत हसले.

योगायोग! उजेड आणि सूर एका जागी आणताना कोणाचे तरी डोळे शिणलेले असतात, हे यांना कोणी सांगावे?

पण वाद हवाच कशाला? त्या गच्चीवर पोचली की सूनबाई गोळ्या झाडणे थांबवते, व्हायोलिन संपेपर्यंत जागची हलत नाही, आणि खेळात दरवेळी तिथेच मारली जाते.